चारात एक

आमच्या गल्लीत रोज सकाळी सव्वासातला पितळी ताटावर दोन नाणी पडल्याचा आवाज यायचा. आधी टणकन, मग थोडं घरंगळणं, मग गप्प. शेजारच्या खाला त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायच्या. "सर के सिक्के गिरे, चाय चढाओ," असं त्या सुनेला सांगायच्या, ते आमच्यापर्यंत ऐकू यायचं. शहागंजच्या मागच्या त्या गल्लीत घड्याळ बंद पडलं तरी कुणाचं अडत नसे.

हे सर म्हणजे माझे घरमालक. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, विधुर, मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावर ते आणि खालच्या दोन खोल्यांत मी, बायको आणि पोरगी. या माणसावर मी वीस वर्षं राग धरला. मी तापट आहे, हे बाजारात कुणीही सांगेल. पण माझा राग सौद्यापुरता असतो, सौदा मोडला की त्याच माणसाबरोबर मी चहा पितो. सरांवरचा राग मात्र मी जपून ठेवला होता. माझं म्हणणं असं, की एक गोष्ट त्यांनी मला सांगायला हवी होती आणि ती सांगितली नाही. ते म्हणायचे, सांगितली. ती गोष्ट साधीसुधी नव्हती. माझ्या मुलाचा जन्म त्या एका वाक्यावर अडलेला होता.

नाण्यांचं असं, की एक साधं रुपयाचं होतं आणि दुसरं निजामाच्या वेळचं, चारमिनारचं. चारमिनार वर आला तर छापा, असं त्यांनी ठरवलेलं. दोन्ही नाणी एकदम उडवायची, ताटात पडू द्यायची आणि काय आलं ते रजिस्टरात लिहायचं. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. रोज एकदाच. आजारी असले तरी. रजिस्टरांची एक चळत त्यांच्या कपाटात होती, पहिली तर मी शहरात यायच्या आधीची. मी एकदा विचारलं, "सर, यातून काय निघतं?"

"काटा-काटा पाव, म्हणजे चारात एकदा, येतं का, ते बघतोय."

"आलं का मग?"

"जवळ चाललोय. पोचलो नाही."

वर्षानुवर्षं ताटात नाणी टाकून हा माणूस जवळ चालला होता. मी तेवढ्या वर्षांत खेड्यातून डोक्यावर मोसंबीचं टोपलं घेऊन येणाऱ्याचा गाळेवाला झालो होतो.

त्यांच्या तोंडून 'नक्की' हा शब्द मी कधी ऐकला नाही. संध्याकाळी घरी आहात का, असं विचारलं तर "बहुतेक" म्हणायचे आणि मग घरीच असायचे, कारण त्यांना जायला कुठं नव्हतंच. माझ्या गाळ्यावर मोसंबी घ्यायला यायचे. भाव करायचे नाहीत. न घासणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही, आपल्याला मोजलंच नाही असं वाटतं. ते फक्त विचारायचे, "यात आंबट किती निघतील?"

"एकबी नाय. साखर हाय साखर."

चार घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे, "एक निघालं."

"बदलून देतो की."

"कशाला? तुम्हाला कळवलं फक्त."

मग मी दिवसभर चिडलेला. तक्रार न करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला आजही उमगलेलं नाही.

गच्चीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी गुलबक्षी लावली होती. लाल आणि पांढऱ्याचं मिळून गुलाबी होतं आणि त्या गुलाबीचं बी पेरलं तर चारात एक झाड पांढऱ्या फुलांचं यायला हवं, असं ते सांगायचे. दुष्काळाच्या त्या वर्षांत नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं. सर घमेल्यात बसून आंघोळ करायचे आणि ते पाणी डब्यांना घालायचे. इतकं करून एका वर्षी आठच झाडं जगली. एकही पांढरं नाही. पुढच्या वर्षी पाच जगली, त्यांत तीन पांढरी.

"तुमचा नियम गेला की, सर," मी म्हणालो.

"नियम कुठं जातोय? पाच झाडांना तो ओळखत नाही, एवढंच."

इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता. आपलाच हिशेब चुकल्यावर कोण खूश होतं?

आता मुद्द्यावर येतो. माझं लग्न मामाच्या मुलीशी झालं. आमच्याकडे ती रीतच आहे. घर माहितीचं, माणसं माहितीची, पोरगी परक्या उंबऱ्यात जात नाही. पहिली मुलगी झाली. दीड वर्षाची असताना मी गाळ्याचं शटर तिच्या मागं जोरात ओढलं आणि ती मोसंबीशी खेळत राहिली. वळली नाही, दचकली नाही. मी शटर पुन्हा वर केलं, पुन्हा आपटलं. चार वेळा. शेजारचे गाळेवाले बघायला लागले तेव्हा थांबलो.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. जन्मापासूनच ऐकू येत नाही म्हणाले. नात्यातलं लग्न का, असं विचारलं आणि पुढच्या मुलाबद्दल घाईत काहीतरी आकडा सांगितला. दुसऱ्या ठिकाणी भाव काढल्याशिवाय मी पहिला आकडा मानत नाही. बायकोला दुसरं मूल हवं होतं. मी म्हणालो होतो, आधी सरांना विचारू, मग ठरवू. ठरवणारा मी होतो.

आम्ही वर गेलो. पोरगी बायकोच्या कडेवर. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताट पुढं ओढलं.

"हे रुपयाचं नाणं म्हणजे तुम्ही," ते म्हणाले. "हे चारमिनारचं म्हणजे या. प्रत्येकाची एक बाजू ऐकणारी, एक न ऐकणारी. तुम्हाला दोघांनाही ऐकू येतं, कारण चांगली बाजू दुसरीला झाकते."

"ही वाईट बाजू आमच्यात आली कुठनं?"

"तुमचे आईकडचे आजोबा आणि यांचे वडलांकडचे आजोबा एकच ना? त्यांच्याकडून दोघांकडं आली असणार. किंवा आजीकडून."

"म्हंजे मामाची पोरगी केली हा गुन्हा झाला व्हय?"

"गुन्हा कोण म्हणतंय? एकाच घरची चिठ्ठी दोन वाटांनी तुमच्याकडं आली." त्यांनी एक नाणं उडवलं. "मूल होताना तुमच्याकडून एक बाजू जाते. वाईट जायची शक्यता अर्धी. यांच्याकडूनही अर्धी. आणि तुमचं नाणं यांच्या नाण्याला विचारून पडत नाही. म्हणून अर्ध्याचं अर्धं. पाव."

"चार आणे."

"हो."

"थोडं खाली या, सर. दोन आण्यावर या."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. सर आधी हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या हातात असतं तर शून्यावर आलो असतो," ते म्हणाले.

मी हिशेब केला. फळाच्या पेटीचा धंदा माझा. माल उतरवताना अंदाज असतो, की चारात एक सडकं निघणार. ते एकदा उचलून बाजूला टाकलं की उरलेली तीन निर्धास्त विकायची. आमची मुलगी झालेली होती. चारातला एक होऊन गेला होता.

"म्हंजे आता पुढची तीन चांगली," मी म्हणालो.

सरांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी खाली गल्लीत ओरड झाली, पाणी आलं, पाणी आलं. सहा दिवसांनी नळ आला होता. ज्यानं ती वर्षं या शहरात काढली नाहीत त्याला कळणार नाही, पण त्या हाकेला माणूस देवाच्या पाया पडत असला तरी उठतो. मी चपला न घालता जिना उतरलो. मागं सर काहीतरी बोलत होते. खाली बादल्यांचा खणखणाट, खाला माझ्या हंड्यापुढं आपली कळशी सरकवत होत्या, त्यांच्याशी माझं भांडण. बायको थोड्या वेळानं उतरली आणि न बोलता भांडी लावायला लागली. त्याच रात्री जेवताना मी तिला सांगितलं, व्हायचं ते होऊन गेलंय, आता काळजी नाही. ती म्हणाली, "बरं."

पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याच्या कानाशी मी ताट वाजवलं, डबा वाजवला. नंतर तेच डॉक्टर, तोच कागद.

मी वर गेलो. सर रजिस्टरात लिहीत होते. मी म्हणालो, "तुमचा पाव खोटा निघाला."

"पाव खरा आहे," ते म्हणाले. "तुमच्या घरी दोनदा लागला."

दुसऱ्या कुणी हे इतक्या शांतपणे सांगितलं असतं का, मला माहीत नाही. मी ताट उचललं आणि गच्चीतून गल्लीत फेकलं. मग गुलबक्षीचे डबे. सगळे नाही, तीन-चार. माती जिन्यापर्यंत सांडली. सर मधे आले नाहीत. फक्त म्हणाले, "मी सांगितलं होतं तुम्हाला. प्रत्येक वेळी नव्यानं."

"कधी सांगितलं? एक शब्द बोलला न्हाईत तुम्ही."

"सांगितलं होतं," ते म्हणाले आणि खाली वाकून एक रोप मुळासकट उचललं.

आम्ही ते घर सोडलं. बागा वाळत होत्या, मोसंबी येईनाशी झाली होती, आणि शहर जालना रोडनं पसरत होतं. मी जमिनीच्या सौद्यात शिरलो आणि चिकलठाण्याला स्वतःचं घर बांधलं. पण पोरं मात्र सरांकडं जातच राहिली. बायको दर रविवारी शहागंजात भाजीला म्हणून घेऊन जायची. मला कळलं तेव्हा मी आरडाओरडा केला, आणि तो ऐकणारी घरात एकटी बायकोच होती, तीही ऐकून भाकरी थापत राहिली.

एकदा मी त्यांना आणायला गेलो आणि जिन्यातूनच पाहिलं. ताट गल्लीतल्या कुणीतरी परत आणून दिलं होतं, काठाला पोचा होता. दोन्ही पोरांनी तळहात ताटाखाली धरले होते. सर नाणी टाकायचे. नाणी घरंगळून थांबली की पोरं एकदम मान हलवायची. ऐकू न येता त्यांना कळत होतं, की थांबलं. मग वाकून बघायची आणि बोटांनी सांगायची, आणि सर लिहायचे. पोरगी नऊ वर्षांची असेल. सरांनी तिला खुणेनं काहीतरी विचारलं आणि तिनं एका हाताची चार बोटं दाखवून त्यातलं एक दुमडलं, मग पाटी पुसल्यासारखा हात फिरवला आणि पुन्हा चार बोटं दाखवली. सर जोरात हसले. मला वाटलं, हे माझ्याबद्दल बोलतायत. मी वर न जाता जिन्यातूनच पाय आपटले. पोरांना लाकूड हललेलं कळलं आणि ती खाली आली.

ती दोघं मोठी झाली. मुलगी एका कारखान्यात नकाशे काढते, मुलगा तिच्याच वाटेवर आहे. जेवताना दोघांची बोटं अशी चालतात की भाजी गार होते, आणि मधेच हसायला लागतात. आईला सगळं कळतं. मला थोडं थोडं. मी "काय झालं, काय झालं" म्हणत राहतो. माझ्या घरात जेवताना बहिरा मीच असतो.

पाण्याचे वांधे पुन्हा सुरू झाले होते, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. सरांना जिना चढवेना, आणि खालच्या आमच्या खोल्यांत आता दुसरं बिऱ्हाड होतं. घर विकून दुसरीकडं तळमजल्यावरची एखादी खोली घ्यावी, असं त्यांनी गल्लीत बोलून दाखवलं. क्रांती चौकातल्या माझ्या ओळखीच्या एका बिल्डरला शहागंजात असं जुनं घर हवंच होतं. त्या भागातला सौदा माझ्याशिवाय होत नाही. दोन गिऱ्हाइकं आली होती, ती मी परत फिरवली. घराची कागदं नीट नाहीत म्हणालो. कागदं नीट होती. मग मी स्वतः गेलो.

सर खाटेवर बसलेले. हात थरथरत होते. मला पाहून म्हणाले, "या, व्यापारी."

मी सरळ बोललो. "तुम्ही म्हणाल तो भाव देतो. घासणार नाय. एकच कबूल करा. त्या दिवशी तुम्ही ते वाक्य बोलला नव्हता."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं सौदा झाला. मी उभं आयुष्य माणसांचे चेहरे वाचलेत, आणि त्या चेहऱ्यावर मला काहीतरी सुटताना दिसलं. पण ते म्हणाले, "बोललो होतो."

"मग मी ऐकलं कसं न्हाई?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

"दुसरं कुणी हाय का ऐकलेलं? सांगा की नाव."

सरांनी चादरीची घडी सरळ केली. "चहा घेणार का?" त्यांनी विचारलं. "दूध आहे बहुतेक."

मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "म्हातारा अजून अडून बसलाय. आता बघतो त्याचं घर कोण घेतं ते. मरेस्तोवर चढू दे जिना."

ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "बोलले होते ते."

"कोण?"

"सर. 'पाळी नळाला असते, लेकरांना नसते. प्रत्येक वेळी पाव नव्यानं.' तुम्ही जिन्यात होता. मी तिथंच बसले होते. मला नीट कळलं नाय म्हणून मी पुन्हा विचारलं, तर त्यांनी पुन्हा नाणी टाकून दाखवलं."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"मीच त्यांना म्हणाले, यांना सांगू नका. ते म्हणाले, विचारलं तर खोटं बोलणार नाय. पण तुमचं नाव घेणार नाय."

"का पण?"

"तुम्ही जिना उतरताना काय म्हणत होता, आठवतंय?" तिनं कोथिंबीर खाली ठेवली. "'सडकं निघून गेलं.' पोरगी माझ्या कडेवर होती. तिला ऐकू येत नव्हतं म्हणून बरं."

मी म्हणालो, ते फळाचं म्हणत होतो. धंद्याची भाषा ती.

"आसंल. तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही दुसरं होऊ दिलं नसतं. मला हवं होतं. ऐकणारं झालं असतं तर आनंद होता. न ऐकणारं झालं असतं तर हिला बोलायला कुणीतरी झालं असतं. मी तर दोन्हीकडनं राजी होते." मग ती परत जुडीला लागली. "वीस वर्षं त्या माणसानं तुमच्या शिव्या खाल्ल्या माझ्यापायी. आता त्याचं घर तरी अडवू नका."

मला कुणीतरी चुकीच्या काट्यावर तोलल्यासारखं झालं. बायकोवर रागवावं तर पोराकडं बघून रागवता येईना, कारण राग खरा धरला तर तो झालाच नसता. सरांवर रागवायला जागा उरली नव्हती. स्वतःवर रागवायची मला सवय नाही. त्या रात्री मी चारदा हिशेब मांडला. चारात एक आणि पुन्हा चारात एक, म्हणजे सोळात एक. सोळात एक घर आमचं. पण दुसऱ्या बाळाच्या आधी उभं राहून बघितलं तर पुन्हा पावच. एकाच गोष्टीचे दोन भाव, आणि दोन्ही खरे. हे मला तेव्हाही पचलं नाही आणि आज लिहितानाही पचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शहागंजात होतो. जिना चढलो. सर खाटेवर बसून ताट मांडत होते. मी का आलो हे त्यांनी विचारलं नाही. घराचं होऊन जाईल, भाव तुमचा, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. पुढचं जे बोलायला गेलो होतो ते राहिलंच. असल्या मालाचा सौदा मी कधी केलेला नाही, त्याची सुरुवात कशानं करतात ते ठाऊक नव्हतं.

"घरी बोलणं झालं," एवढंच म्हणालो.

"हं," सर म्हणाले. मग नाणी माझ्याकडं सरकवून म्हणाले, "माझा हात हलतो. आज तुम्ही टाका."

मी दोन्ही नाणी मुठीत घेतली. रुपया गार होता, चारमिनार झिजून गुळगुळीत झालेला. टाकली. माझा डावा तळहात कधी ताटाखाली गेला मला कळलं नाही. आधी ठोका बसला, मग बारीक थरथर, फिरत फिरत कमी होत गेलेली, मग काही नाही. शेजारून खालांचा आवाज आला, सिक्के गिरे.

"काय आलं?" सरांनी विचारलं. त्यांना आता दिसतही कमी होतं.

"काटा-काटा."

"लिहा."

मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं. माझं अक्षर त्यांच्या बारीक ओळींखाली बटबटीत दिसत होतं.

"पुन्हा टाकू?" मी विचारलं.

रोज एकदाच, हा त्यांचा नियम मला माहीत होता, आणि त्यांनी तो कधी मोडल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं.

"टाका," ते म्हणाले. "पण वरचं खोडू नका."